नव्या वर्षाचा हिशेब आणि संत इग्नेशियस



३१ डिसेंबरच्या रात्री आपण सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानले आणि १ जानेवारीला देवमाता पवित्र मरियेच्या सणाने नवे वर्ष सुरू केले. घरोघरी नवीन कॅलेंडर लागले. काही संकल्पही झाले असतील. दारू सोडायची, संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची, भावाशी धरलेला अबोला संपवायचा. परंतु फेब्रुवारी उजाडेपर्यंत हे संकल्प विरून जातात, असा आपला दरवर्षीचा अनुभव आहे. यावर विचार करताना आम्हाला संत इग्नेशियस लोयोला यांची आठवण होते. आत्मपरीक्षण कसे करावे हे त्यांनी ख्रिस्तसभेला शिकवले. ते कसे करू नये, हेही ते स्वतः होरपळून शिकले होते.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोलाच्या गढीत झाला. तारुण्यात त्यांना तलवार, भपकेदार पोशाख आणि मानमरातब यांचे वेड होते. २० मे १५२१ रोजी पांपलोना येथील लढाईत फ्रेंचांच्या तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही व गुडघ्याखाली उंचवटा राहिला. तंग बूट घालता यावेत म्हणून त्यांनी ते हाड करवतीने कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोयही नव्हती! दिसण्याचा सोस माणसाकडून काय काय करवून घेतो!

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवताना गोड वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की तो विचार संपल्यावरही समाधान मागे उरत असे. कोणता विचार आपल्याला कुठे नेतो, हे त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांच्या आत्मपरीक्षणाची सुरुवात येथे झाली.

मार्च १५२२ मध्ये मॉन्सेरात येथे त्यांनी साऱ्या आयुष्याची पापे लिहून काढली आणि तीन दिवस पापनिवेदन केले. उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार मरियामातेच्या वेदीपाशी ठेवली व ते मानरेसा गावी गेले. आता सारे सुरळीत होईल असे वाटत होते, पण झाले उलटेच. एखादे पाप सांगायचे राहिले तर नाही ना, या शंकेने त्यांना ग्रासले. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदन करू लागले. रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना केली, आठवडाभर अन्नपाणी सोडले, तरी शांती मिळेना. जीव द्यावा, असेही विचार मनात आले. अखेर त्यांना उमगले, की माणसाला निराशेच्या कड्यावर नेणारा हा आवाज देवाचा नाही. क्षमा झालेली पापे पुन्हा उकरायची नाहीत, असे त्यांनी ठरवले आणि ते मोकळे झाले.

बंधुभगिनींनो, हे भय आपल्यातही अनेकांना असते. सद्सद्विवेकबुद्धी आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सद्सद्विवेकबुद्धी चूक दाखवते व क्षमेकडे नेते. भीती फक्त चूक दाखवत राहते.

म्हणूनच पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी जी पद्धत दिली, तिची पहिली पायरी पापांची यादी ही नाही. पहिली पायरी आभाराची आहे. मग पापे ओळखण्यासाठी कृपा मागायची, दिवसाचा तासातासाने आढावा घ्यायचा, क्षमा मागायची आणि देवाच्या साहाय्याने सुधारण्याचा निश्चय करायचा. याशिवाय एकच दोष निवडून त्यावर लक्ष ठेवायला ते सांगतात. तो दोष घडला की छातीवर हात ठेवायचा, दुपारी व रात्री वहीत तितक्या खुणा करायच्या आणि आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची.

याच शिस्तीने ते घडले. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ते बार्सिलोनात लहान मुलांसोबत लॅटिन शिकायला बसले. पॅरिसमध्ये पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे सोबती मिळाले. १५४० साली पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली आणि ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात पोहोचले. इग्नेशियस मात्र रोममध्येच राहून संघाचा कारभार पाहत होते. काम वा आजारपण यामुळे इतर प्रार्थना कमी झाली, तरी हे परीक्षण चुकवू नये, असा त्यांचा आग्रह असे. ३१ जुलै १५५६ रोजी ते देवाघरी गेले. १२ मार्च १६२२ रोजी झेवियर यांच्यासोबतच त्यांना संतपद देण्यात आले.

सेमिनरीत असताना दुपारी परीक्षणाची घंटा वाजे, तेव्हा आम्ही कित्येकदा डुलक्या काढल्या आहेत. त्या पाच पायऱ्यांची किंमत आम्हाला लोकांमध्ये काम करू लागल्यावर कळली. आपण कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो, गॅस कधी लावला ते लिहितो. त्याच चौकोनात यंदा एका दोषाच्या खुणा करून पाहू या. दहा संकल्प नकोत, एकच पुरे. तो मोडला तर पुढच्या डिसेंबरची वाट पाहू नका. त्याच रात्री आभार मानून पुन्हा सुरुवात करा आणि प्रायश्चित्त संस्कारासाठी न घाबरता या. आम्ही तुमची वाट पाहत आहोत. आमच्याही कॅलेंडरवर खुणा असणारच आहेत.

नववर्षाच्या शुभेच्छा!

आपले प्रमुख धर्मगुरू