कै. नामदार गोखले आणि सरकारी कर्ज

कर्ज म्हणजे घरास लागलेली वाळवी, ही शिकवण आपल्या कुटुंबांतून पिढ्यानुपिढ्या दिली गेली आहे. ती स्वतःच्या आयुष्यात कसोशीने पाळणारे कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले सरकारने मात्र काही कामांसाठी कर्जच काढावे असा आग्रह धरीत, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. बालपण मात्र आपल्याच मुलखात, कागलास गेले. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठी पाठवू लागले. कोल्हापुरात एकदा नाटकास झालेला दोन आण्यांचा खर्च भरून काढण्यासाठी गोपाळरावांनी घरचे तेल वाचवून रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केला, असे सांगतात.

२६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत सालोसाल शिल्लक पडत होती व अधिकारी त्यास भरभराट म्हणत. गोखल्यांनी आकड्यांनी दाखविले की, रुपयाचा भाव घसरला तेव्हा बसविलेले कर तो भाव सुधारल्यावरही तसेच चालू होते. ही शिल्लक म्हणजे रयतेकडून घेतलेला जादा पैसा होता. मिठावर तेव्हा मणास अडीच रुपये कर होता! मीठ तर भिकाऱ्यासही लागते.

पुढील वर्षांत ही शिल्लक रेल्वेच्या बांधकामाकडे वळू लागली, तेव्हा त्यांनी हरकत घेतली. रेल्वे पुढील पिढ्यांच्याही उपयोगी पडते, स्वतःचे व्याज स्वतः मिळवू शकते. म्हणून तिचे भांडवल कर्जाने उभारावे आणि करांची शिल्लक शाळा व आरोग्य यांवर खर्चावी किंवा कर कमी करून लोकांस परत द्यावी, असे त्यांचे म्हणणे. वाटेल त्या खर्चास कर्ज काढा, असे ते कधीच म्हणाले नाहीत. लष्करी खर्चावर तर त्यांचा सततचा रोष होता. आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या मिरज-कोल्हापूर गाडीत, जी १८९१ सालापासून धावते आहे, बसणाऱ्यास हा विचार सहज पटावा.

मिठावरील कर १९०३, १९०५ व १९०७ साली उतरत एक रुपयावर आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे बिल मात्र पुढल्या वर्षी फेटाळले गेले; खर्चाची सबब होतीच. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला.