भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी (जन्म : १८२२, काही चरित्रकारांच्या मते १८२४; मृत्यू : मुंबई, मे १८७४) हे मुंबईतील नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्या संशोधक व समाजसुधारक होते. पश्चिम किनाऱ्यावरील कडू कवठ या वृक्षाच्या बियांचे तेल त्यांनी कुष्ठरोगावर वापरले.

== बालपण व शिक्षण ==
भाऊंचा जन्म पेडणे महालातील मांद्रे या गावी झाला. तेरेखोल नदीपलीकडे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुका सुरू होतो. पेडणेही १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. भाऊ लहान असतानाच कुटुंब मुंबईस आले. त्यांचे वडील मातीच्या बाहुल्या करून विकत. एल्फिन्स्टन संस्थेत शिकल्यानंतर भाऊंनी १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या तेथील पहिल्या पदवीधरांत ते होते. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साहाय्याने त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला.

== कुष्ठरोगावरील औषध ==
कडू कवठ हा कोकण ते केरळ या पट्ट्यात ओढ्याकाठी वाढणारा सदाहरित वृक्ष होय. त्याची फळे गोल व कठीण कवचाची असून बिया तेलकट असतात. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकिनारी वाढणारा तुवरक वृक्ष कुष्ठावर सांगितला आहे. तो हाच, असे मानले जाते. किनाऱ्यावरील गोरगरीब हे तेल जुनाट त्वचारोगांवर व व्रणांवर लावत. भाऊंनी कुष्ठरुग्णांवर त्याचे प्रयोग केले व अनेकांना उतार पडल्याचे सांगितले जाई.

औषधाचा घटक मात्र त्यांनी उघड केला नाही. घटक ठाऊक नसल्याने इतर डॉक्टरांना ते पडताळून पाहता येईना. पाश्चात्त्य वैद्यकात शिकलेल्या पदवीधराने गुप्त औषध द्यावे, यावर आक्षेप घेतले गेले. अर्धांगवायूच्या आजारानंतर भाऊंचे निधन झाले, तेव्हाही त्यांचे संशोधन प्रसिद्ध झालेले नव्हते. पुढे औषधी वनस्पतींवरील ग्रंथांत या तेलाची नोंद त्यांच्या नावासह झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या तेलातील आम्ले वेगळी करण्यात आली. तेल पोटात घेतल्यास मळमळ होत असे. त्यामुळे टोचून देता येतील अशी त्याची रूपे तयार झाली. १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत कुष्ठरोगावर मुख्यतः हीच चिकित्सा होती. आज या रोगावर बहुविध औषधोपचार दिला जातो.

== अन्य कार्य ==
१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. १८६२ च्या महाराज बदनामी खटल्यात त्यांनी साक्ष दिली. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. कालिदासाचा काळ व प्राचीन शिलालेख यांवर त्यांनी निबंध लिहिले. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

== स्मारक ==
भायखळा येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९७५ मध्ये त्या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.