विनोदिनी दासी : एका रंगमंदिराच्या पायातील शिळा

स्मरणिकेच्या पानांतून थोरामोठ्यांची चरित्रे वाचकांपुढे ठेवण्याचा परिपाठ जुना आहे. ज्या वास्तूंत आपण मंगलकार्ये आणि सभासंमेलने साजरी करतो, त्यांच्या भिंतींवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. ती वाचताना मनात कृतज्ञता दाटून येते. परंतु जिने सर्वांहून अधिक दिले, तिच्याच नावाला फलकावर जागा मिळू नये, असेही जगात घडले आहे. बंगालच्या विख्यात नटी विनोदिनी दासी यांचे चरित्र या दृष्टीने आमच्या वाचक कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

विनोदिनीबाईंचा जन्म इ. स. 1863 मध्ये कलकत्त्यात, कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील एका घरी झाला. घराला कुलीनतेचा आधार नव्हता. माता व मातामही यांच्या छायेत त्या वाढल्या. बालपणी रूढीप्रमाणे लग्न लागले, पण तो संसार कधी उभाच राहिला नाही. घरात भाड्याने राहणाऱ्या गंगा नावाच्या एका गायिकेने त्यांना गाण्याचे पहिले पाठ दिले. दारिद्र्य इतके होते, की मुलीच्या कलेतून चार पैसे मिळावेत हीच घरच्यांची आशा होती.

त्या काळच्या बंगाली रंगभूमीची स्थिती येथे सांगणे अगत्याचे आहे. त्यापूर्वी नाटके धनिकांच्या वाड्यांतून निमंत्रितांपुढे होत असत. 7 डिसेंबर 1872 रोजी नॅशनल थिएटरने तिकिटे लावून ‘नीलदर्पण’ नाटकाचा प्रयोग केला, आणि धनिकांच्या मर्जीपासून स्वतंत्र अशी सार्वजनिक रंगभूमी तेथे उदयास आली. पुढील वर्षी, म्हणजे 1873 मध्ये, कवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्या सल्ल्यावरून बेंगाल थिएटरने चार स्त्रियांना नोकरीस घेतले. कुलीन घरची स्त्री रंगमंचावर येणे अशक्यच होते. म्हणून या स्त्रिया गणिकांच्या वस्तीतून आल्या. त्यावर एवढे काहूर उठले, की विधवांचे कैवारी म्हणून गौरविलेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनीही त्या नाट्यसंस्थेशी असलेला आपला संबंध तोडला.

अशा वातावरणात 1874 च्या अखेरीस, अकराबारा वर्षांच्या विनोदिनीबाई दहमहा दहा रुपये वेतनावर ग्रेट नॅशनल थिएटरात दाखल झाल्या. पहिली भूमिका द्रौपदीच्या दासीची होती. पुढल्याच वर्षी ही मंडळी उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाली. लखनौस ‘नीलदर्पण’ चालू असता, गोऱ्या मळेवाल्याची दुष्कृत्ये पाहून खवळलेले काही गोरे प्रेक्षक रंगमंचावर चाल करून आले व प्रयोग बंद पडला. नटीच्या व्यवसायात कोणकोणती संकटे असतात, याचा धडा त्यांना असा बालवयातच मिळाला.

1877 च्या सुमारास त्या नट, नाटककार व नाट्यशिक्षक गिरीशचंद्र घोष यांच्या हाताखाली आल्या. गिरीशबाबू त्यांना विलायतेतील नामांकित नटींच्या अभिनयाविषयी सांगत, काव्ये समजावून देत, भूमिकेचा अर्थ उलगडून दाखवीत. शिष्याही तशीच तयारीची होती. ‘मेघनादवध’ काव्याच्या नाट्यप्रयोगात त्यांनी एकाच रात्री सात निरनिराळ्या भूमिका वठविल्या.

यानंतर त्यांच्या आयुष्यातील मुख्य प्रसंग येतो. 1880 नंतरच्या काळात नॅशनल थिएटर प्रतापचंद जहुरी या जवाहिऱ्याच्या मालकीचे होते. विनोदिनीबाई रजेवर काशीस गेल्या, तेव्हा त्या काळाचे वेतन देण्यास मालकाने नकार दिला. इतर नटांच्याही तक्रारी होत्याच. प्रेक्षक तिकीट काढतो म्हणून रंगभूमी स्वतंत्र झाली खरी, पण नाट्यगृह दुसऱ्याचे असेल तर ते स्वातंत्र्य अपुरेच राहते, हे सर्वांना कळून चुकले. स्वतःचे नाट्यगृह हवे होते; पैसा मात्र कोणापाशीच नव्हता.

त्याच सुमारास गुर्मुख राय नावाचा एक धनाढ्य मारवाडी तरुण पुढे आला. नाट्यगृह बांधून देण्याची त्याची तयारी होती. मात्र विनोदिनीबाईंनी आपल्या आश्रयास यावे, अशी त्याची अट होती. सहकारी मंडळींनी त्यांना आग्रह केला, विनवण्या केल्या. नाट्यगृहाचा हट्ट सोडल्यास पन्नास हजार रुपये रोख देण्याचेही गुर्मुख रायने बोलून दाखविले. पन्नास हजार म्हणजे त्या काळी जन्माची ददात मिटविणारी रक्कम. ती नाकारून विनोदिनीबाईंनी नाट्यगृह मागितले, आणि त्यासाठी स्वतःला गहाण टाकले. नव्या वास्तूस त्यांच्या नावावरून ‘बी थिएटर’ असे नाव देण्याचे सहकाऱ्यांनी कबूल केले होते. बीडन स्ट्रीटवर काम सुरू झाले, तेव्हा इतरांबरोबर त्यांनी स्वतः मातीच्या टोपल्या वाहिल्या.

परंतु नोंदणीची वेळ आली तेव्हा नाव पडले ‘स्टार थिएटर’. एका गणिकेचे नाव दारावर लागले तर भद्र लोक येणार नाहीत, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. 21 जुलै 1883 रोजी ‘दक्षयज्ञ’ नाटकाने पडदा उघडला, आणि सतीच्या भूमिकेत विनोदिनीबाई उभ्या राहिल्या. पुढे घरच्या विरोधामुळे व प्रकृतीमुळे गुर्मुख रायने या व्यवहारातून अंग काढून घेतले. नाट्यगृहात विनोदिनीबाईंचा हिस्सा असावा, अशी त्याची इच्छा होती. पण गिरीशबाबूंनी त्यांच्या मातेची समजूत घालून तोही विचार मागे घ्यावयास लावला, आणि अकरा हजार रुपयांस ते नाट्यगृह चौघा पुरुष सहकाऱ्यांच्या मालकीचे झाले.

तरीही विनोदिनीबाईंनी काम सोडले नाही. 1884 मध्ये ‘चैतन्यलीला’ नाटकात त्या चैतन्य महाप्रभू झाल्या. 21 सप्टेंबर रोजी श्रीरामकृष्ण परमहंस हे नाटक पाहण्यास आले व त्यांनी या नटीस आशीर्वाद दिला. पुढे परमहंस दुखणाईत असता, नटीस आत जाऊ देणार नाहीत म्हणून त्या युरोपियन पुरुषाच्या वेषात त्यांचे दर्शन घेऊन आल्या. अभिनयकलेचा याहून निर्मळ उपयोग आमच्या ऐकिवात नाही.

1887 च्या आरंभी, कीर्ती शिखरावर असता, वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी रंगभूमीचा निरोप घेतला. पुढील आयुष्यात कन्या शकुंतला हाच त्यांचा मोठा आनंद होता. तिला शिक्षण द्यावे म्हणून त्यांनी धडपड केली. पण मातेच्या पूर्वायुष्यामुळे शाळेचे दार त्या निरपराध बालिकेस बंद राहिले. 1904 मध्ये ती बालवयातच निवर्तली.

दुःखाच्या या दिवसांत त्यांनी लेखणीचा आधार घेतला. ‘वासना’ व ‘कनक ओ नलिनी’ ही काव्यपुस्तके प्रसिद्ध झाल्यावर 1912 च्या सुमारास ‘आमार कथा’ हे त्यांचे आत्मचरित्र बाहेर पडले. त्यासाठी गिरीशबाबूंनी लिहिलेल्या प्रस्तावनेत काही सत्ये टाळलेली दिसली, म्हणून त्यांनी ती पुन्हा लिहून मागितली. त्याच वर्षी गिरीशबाबूंचे देहावसान झाले, आणि पुस्तक प्रथम त्या प्रस्तावनेवाचूनच प्रसिद्ध झाले. गुरूविषयी अपार भक्ती असूनही सत्याबाबत तडजोड न करणारी ही शिष्या आम्हांस विशेष वंदनीय वाटते. 1941 मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात या काळी प्रमुख नाटक मंडळ्यांतून स्त्रीभूमिका पुरुषच करीत. विनोदिनीबाई निवृत्त झाल्या त्याच्या पुढल्याच वर्षी, 1888 मध्ये, बालगंधर्वांचा जन्म झाला. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करविल्या, त्या 1933 साली. ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या कलावतींमुळे पुढे आपल्या घरांतील मुलींची वाट सुकर झाली. बंगालमधील ती वाट ज्यांनी प्रथम तुडविली, त्यांच्या पायांत किती काटे रुतले होते, हे या चरित्रावरून कळते.

बीडन स्ट्रीटची ती मूळ वास्तू आज उभी नाही. तिच्या जागेवरून हमरस्ता गेला आहे. नाटक मंडळींनी 1888 मध्ये हातीबागान येथे नवे स्टार थिएटर उभारले. ते 1991 मध्ये आगीत भस्मसात झाले व 2004 मध्ये पुन्हा उघडले. डिसेंबर 2024 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्यास विनोदिनीबाईंचे नाव देण्याचे जाहीर केले. 1883 साली दिलेले वचन असे 141 वर्षांनी, दुसऱ्याच वास्तूवर, आणि वचन देणाऱ्यांपैकी एकही हयात नसता फेडले गेले.

उशिरा फिटलेले ऋण न फिटलेल्याहून बरेच म्हणावयाचे. पण आपल्या घरांत व संस्थांत ज्या माताभगिनी आज खपत आहेत, त्यांच्या नावासाठी एवढा काळ थांबण्याचे काय कारण? वर्षाच्या अहवालात, कार्यक्रमपत्रिकेत, वास्तूच्या फलकावर त्यांचे नाव त्यांच्या देखत यावे, एवढी दक्षता आपण घेतली, तर विनोदिनीबाईंचे चरित्र आपण नुसते वाचले नाही, असे म्हणता येईल. त्या थोर कलावतीच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.