सावित्रीबाई फुले : रोषास सौजन्याने उत्तर

चारचौघांत मतभेद झाला की आवाज चढतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरते, असा प्रकार आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आपापल्या गावी पाहिला असेल. निंदेस निंदेने उत्तर न देता, आणि आपले सत्यही न सोडता, मनुष्याने कसे वागावे हे ज्यांच्या चरित्रावरून शिकता येते, अशांपैकी सावित्रीबाई फुले ह्या एक होत. त्यांची हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीने त्यांस लिहावाचावयास शिकविले. पुढे अहमदनगर येथे मिस फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यास भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि बाई तेथे शिकवू लागल्या.

ही गोष्ट लोकांस रुचली नाही. बाई शाळेस निघाल्या की वाटेत कोणी शिव्या देत, कोणी शेण व चिखल फेकीत. नेसते लुगडे खराब होई, म्हणून त्या दुसरे बरोबर नेत व शाळेत जाऊन पालटीत, असे त्यांच्या सहवासातील मंडळींच्या आठवणींत आहे. शिवी देणाऱ्याशीही त्या सौम्यपणे बोलत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेची वाट धरीत.

परक्यांचा राग सोसणे एक वेळ सोपे. घरच्यांचा फार कठीण. १८५६ साली त्या आजारातून उठून माहेरी विसावा घेत होत्या. ज्या भावाने त्यांची शुश्रूषा केली, त्यानेच एके दिवशी जोतीरावांस व त्यांस दोष दिला. अस्पृश्य मानलेल्यांसाठी तुम्ही जे करता ते जातीस सोडून आहे, असे त्याचे म्हणणे. बाई चिडल्या नाहीत. गाईबकरीस आपण कुरवाळतो, नागपंचमीस सापास दूध पाजतो, मग आपल्यासारख्याच माणसास शिवत का नाही, एवढेच त्यांनी विचारले. भावाचा चेहरा लाल झाला. पण पुढे जे त्याच्या तोंडून निघाले ते असे की, लोक बहिणीस नावे ठेवतात हे त्याच्याने ऐकवत नाही. रागाच्या पोटी माया होती, आणि बाईंच्या शांतपणामुळेच ती बाहेर आली. आई जवळच बसून ऐकत होती. तिने लेकीचे म्हणणे मानले. ही सर्व हकीकत बाईंनी जोतीरावांस पत्राने कळविली.

१८६८ साली याहून बिकट प्रसंग आला. बाई नायगावी असता, पंचांग घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका ब्राह्मण तरुणाचा व एका महार मुलीचा संबंध उघड झाला. मुलगी गरोदर होती. गावकरी दोघांस मारीत, गावातून मिरवीत नेऊ लागले, व त्यांस ठार मारण्याचा त्यांचा बेत होता. ऐकताच बाई धावत गेल्या. त्यांनी कोणास शिव्याशाप दिले नाहीत. खून केल्यास सरकारी कायद्याने काय शिक्षा होईल, ते जमावास स्पष्ट समजाविले. लोकांचा हात थांबला. दोघांनी गाव सोडावा असे ठरले, आणि बाईंनी त्यांस जोतीरावांकडे पाठवून दिले.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाईंस विरोध करणाऱ्यांत ब्राह्मण गृहस्थ पुष्कळ होते. तरी ज्याचा जीव त्यांनी वाचविला तो ब्राह्मणच होता. १८६३ साली फुले दांपत्याने, फसविल्या गेलेल्या विधवांस गुप्तपणे बाळंत होता यावे व अर्भके मारली जाऊ नयेत म्हणून, घरीच आश्रयस्थान उघडले. त्याचा आश्रय ब्राह्मण विधवांनी घेतला. त्यांपैकी काशीबाई हिचा मुलगा यशवंत यास ह्या दांपत्याने दत्तक घेतले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले, तेव्हा अंत्यविधीत यशवंताच्या दत्तकपणावरून भाऊबंदांनी हरकत घेतली. तंटा वाढविण्याऐवजी बाईंनी स्वतः टिटवे हाती धरले व त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या.

१८९७ साली पुण्यास प्लेगाची साथ पसरली. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका मुलास गाठ आल्याचे कळताच बाईंनी त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तोच रोग त्यांस जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

सौजन्य म्हणजे दुबळेपणा, असे कित्येकांस वाटते. सावित्रीबाई शेणाच्या माऱ्यापुढे मागे सरल्या नाहीत, भावापुढे गप्प बसल्या नाहीत, जमावापुढे डरल्या नाहीत. मात्र कोणाचाही द्वेष त्यांनी आपल्या मनात घेतला नाही. त्यांच्यासारखे मोठे कार्य आपणा सर्वांच्या हातून होईल असे नाही. परंतु उद्या वाटेत कोणी टाकून बोलला, तर गोड शब्द बोलून आपल्या कामास जाणे हे आपल्यापैकी कोणासही साधण्याजोगे आहे.