बर्थाबाई बेंझ

रस्त्याच्या कडेला मोटार बंद पडली, म्हणजे तिच्याभोंवतीं पोरांचा घोळका जमावयास वेळ लागत नाहीं. बॉनेट उघडतें, आंत डोकीं जातात, आणि ज्याला यंत्रांतलें ओ कीं ठो कळत नाहीं तोहि आपला अभिप्राय देऊं लागतो. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना हा नाद आहे हें आम्हांस ठाऊक आहे. घरचीं माणसें त्याबद्दल कुरकुरतात हेंहि ठाऊक आहे. म्हणून ज्या बाईंनीं अशाच एका नादी माणसाशीं लग्न केलें, त्याच्या खटपटींत आपलें धन घातलें, आणि शेवटीं त्याची गाडी स्वतः हांकून जगास दाखविली, त्यांचें चरित्र यंदा वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजीं जर्मनींतील बाडेन संस्थानांत, फॉर्झहाइम या गांवीं झाला. दागिन्यांच्या कारागिरीबद्दल हें गांव प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील बांधकामाच्या धंद्यांत सधन झालेले गृहस्थ होते. मुलीला खाऊनपिऊन सुखी असें सासर मिळावें अशीच कोणाहि पित्याची इच्छा असावयाची. परंतु बर्थाबाईंनीं पसंत केलें तें कार्ल बेंझ यांना. कार्ल हे आगगाडीचें इंजिन हांकणाऱ्याचे पुत्र. ते दोन वर्षांचे असतांनाच वडील वारले, आणि आईनें कष्ट करून त्यांना कार्ल्सरूहे येथील तंत्रविद्यालयांत शिकविलें. घोड्यावांचून आणि रुळांवांचून चालणारी गाडी करावयाची, हा एकच ध्यास त्यांस लागला होता.

१८७१ सालीं कार्ल यांनीं एका भागीदारासह मानहाइम शहरीं कारखाना काढला. पण ती भागीदारी लवकरच विसकटली. तेव्हां बर्थाबाईंनीं आपल्या हुंड्याची रक्कम लग्नापूर्वींच वडिलांकडून घेऊन कारखान्यांत घातली, आणि तीतून भागीदाराचा वाटा देऊन टाकण्यांत आला. २० जुलै १८७२ रोजीं उभयतांचा विवाह झाला. हुंड्याच्या पायीं आमच्याकडे किती घरें पोखरलीं हें आम्ही पाहत आलों आहों. येथें मात्र मुलीनें आपल्याच बुद्धीनें तो पैसा एका यंत्रशाळेंत पेरला.

तें पीक लवकर आलें नाहीं. धंदा बसला, मुलें झालीं, पैसा आटला. कार्ल हे गॅसवर चालणारें एक लहान इंजिन तयार करीत होते, पण तें कांहीं केल्या नीट चालेना. १८७९ सालच्या शेवटच्या रात्रीं जेवण आटोपल्यावर, पुन्हां एकदां करून पाहूं या, असा आग्रह बर्थाबाईंनींच धरला. दोघें कारखान्यांत गेलीं. इंजिन सुरू झालें आणि सुरूच राहिलें! त्याचा ठेका ऐकत तीं तेथेंच उभीं असतां, नव्या वर्षाच्या स्वागतार्थ गांवांतील चर्चच्या घंटा वाजूं लागल्या. या रात्रीची आठवण कार्ल यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे.

१८८३ सालीं नवे भागीदार मिळून ‘बेंझ आणि कंपनी’ स्थापन झाली, आणि २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल यांनीं आपल्या मोटारगाडीच्या पेटंटाचा अर्ज केला. त्या गाडीला तीनच चाकें होतीं. मागें आडवें बसविलेलें एका सिलिंडरचें इंजिन. त्याची शक्ति पाऊण अश्वशक्तीची, आणि गाडीचा वेग ताशीं सुमारें १६ किलोमीटर. त्याच वर्षींच्या जुलैंत ती मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर धांवली. लोक जमले, चकित झाले, आणि घरीं गेले. विकत घ्यावयास कोणी पुढें येईना. कार्ल स्वभावानें अत्यंत सावध. आणखी सुधारणा केल्यावांचून गाडी दूर न्यावयास ते धजत नसत. बर्थाबाईंनीं मात्र ओळखलें कीं, गाडी कारखान्याच्या दारांत कितीहि घांसली-पुसली, तरी लोकांचा विश्वास बसेल तो ती दूरची वाट चालून गेल्यावरच.

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, मुलांना शाळेची सुटी असतांना, एके दिवशीं पहांटे त्यांनीं ऑयगेन (वय १५) व रिचर्ड (वय १३) या पुत्रांस बरोबर घेतलें, आणि पतीला न विचारतां गाडी बाहेर काढली. जावयाचें होतें माहेरीं, फॉर्झहाइमला. म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. तोंपर्यंत कोणीहि मोटारींतून एवढा पल्ला गांठला नव्हता. मध्येंच गाडी मोडून पडती, तर गांवोगांव हंसें झालें असतें, आणि आधींच डळमळणारा धंदा कदाचित् कायमचा बुडाला असता. मुलांच्या जिवाची काळजी होती ती वेगळीच.

विघ्नें आलीं तीं एकामागून एक. इंजिनाला लागणारें लिग्रोइन नांवाचें हलकें तेल त्या काळीं कपड्यांवरील डाग काढण्याकरितां औषधांच्या दुकानीं मिळे. वीसलॉख गांवीं तें विकत घेतलें. म्हणूनच तेथील औषधालयास जगांतील पहिला पेट्रोल-पंप म्हणतात. इंजिन थंड ठेवणारें पाणी वाफ होऊन उडून जाई, तें वाटेंत मिळेल तेथें पुन्हां पुन्हां भरावें लागे. तेलाची नळी तुंबली, ती बर्थाबाईंनीं आपल्या टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण घांसून गेलें, तेव्हां मोज्याचा बंद काढून तिच्यावर गुंडाळला. साखळी एका लोहाराकडून नीट करून घेतली. चढ आला कीं मुलगे खालीं उतरून गाडी ढकलीत. उतार आला कीं ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजत. अखेर बाउश्लॉट येथें एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. असें करीत करीत सायंकाळीं तीं माहेरीं पोंचलीं, आणि सुखरूप आल्याची तार पतीस गेली. कांहीं दिवसांनीं तीं त्याच गाडींतून परत आलीं.

आम्हांस या प्रवासांत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट घरीं आल्यावरची. फुशारकी सांगण्याइतका पराक्रम पदरीं असतां बर्थाबाईंनीं पतीला सांगितल्या त्या गाडीच्या उणीवा. चढावर शक्ति पुरत नाहीं, हें कळतांच कार्ल यांनीं गाडीला आणखी एक गिअर बसविला. जी गोष्ट कारखान्यांत वर्षानुवर्षें कळली नव्हती, ती त्या वाटेवरील चढांनीं शिकविली. त्याच वर्षीं म्यूनिकच्या प्रदर्शनांत गाडीला सुवर्णपदक मिळालें. पुढें मागणी वाढत गेली, आणि १८९९ या एका सालांत बेंझ कंपनीनें ५७२ गाड्या केल्या.

उत्तरायुष्यांत हें दांपत्य लाडेनबुर्ग या लहान गांवीं जाऊन राहिलें. तेथें १९०६ सालीं कार्ल यांनीं मुलासह निराळा कारखाना काढला. त्यांच्या बागेंत मोटारीकरितां बांधलेलें बुरुजासारखें लहानसें गॅरेज आजहि उभें आहे. १९२६ सालीं बेंझ कंपनी डाइमलर कंपनीशीं एक झाली. ४ एप्रिल १९२९ रोजीं कार्ल वारले. बर्थाबाईंना पुढें आणखी पंधरा वर्षें आयुष्य लाभलें. ३ मे १९४४ रोजीं, त्यांच्या ९५व्या वाढदिवशीं, पतीच्या जुन्या तंत्रविद्यालयानें त्यांना सन्मानाचें पद दिलें. आणि दोनच दिवसांनीं, महायुद्धाचा वणवा पेटलेला असतां, त्यांनीं शांतपणें डोळे मिटले.

१८८६ सालच्या पेटंटावर बर्थाबाईंचें नांव नाहीं. पुढें ‘मर्सिडीज’ हें नांव आलें, तेंहि एका व्यापाऱ्याच्या मुलीचें. आज पुण्याजवळ चाकण येथें ‘मर्सिडीज-बेंझ’ गाड्या तयार होतात, आणि त्या जातांना आमचे विद्यार्थी मान वळवून पाहतात. परंतु त्यांतील बेंझ हें नांव प्रथम दूरच्या वाटेवर नेणारी बाई कोण होती, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? २००८ सालापासून जर्मनींत मानहाइम ते फॉर्झहाइम व परत ही वाट बर्थाबाईंच्या नांवानें स्मारकमार्ग म्हणून ओळखली जाते, हें योग्यच झालें.

यंत्राचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांना आमचें एवढेंच सांगणें कीं, आपली कृति दारांत झांकून ठेवूं नका. ती वाटेवर न्या, आणि मोडली तर कां मोडली तें प्रामाणिकपणें टिपून ठेवा. आणि पालकांना विनंति अशी कीं, घराच्या पडवींत मुलानें किंवा मुलीनें खिळे, तारा आणि जुनीं चाकें पसरलीं, तर रागावण्यापूर्वीं क्षणभर जवळ बसून पाहावें. नववर्षाच्या त्या रात्रीं, पुन्हां एकदां करून पाहूं या, असें कोणी म्हटलें नसतें, तर तें इंजिन कदाचित् तसेंच मुकें राहिलें असतें.