सयाजीराव गायकवाड (तिसरे)

महाराजा सयाजीराव गायकवाड, तिसरे (जन्म : ११ मार्च १८६३, मृत्यू : ६ फेब्रुवारी १९३९) हे १८७५ ते १९३९ या काळात बडोदा संस्थानाचे अधिपती होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, सार्वजनिक ग्रंथालये आणि समाजसुधारणेचे कायदे यांसाठी ते प्रसिद्ध आहेत. वशिला व नजराणा यांऐवजी शिक्षण आणि पात्रता यांवर आधारलेली नोकरशाही उभारणे, हा त्यांच्या कारभाराचा महत्त्वाचा भाग होता.

बालपण व दत्तकविधान

सयाजीरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडिलांचे नाव काशीराव व आईचे उमाबाई. महाराज मल्हारराव यांना ब्रिटिश सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केल्यावर खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलाला लिहितावाचता येत नव्हते. पुढे एफ. ए. एच. एलियट यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

पूर्वीची स्थिती

मल्हाररावांच्या काळात सरकारी नेमणुकांसाठीही नजराणा घेतला जात असे. १८७३ च्या चौकशी आयोगापुढे मांडल्या गेलेल्या तक्रारींत या प्रथेचा समावेश होता. पैसे भरून पद मिळवणारा अंमलदार ते रयतेकडून वसूल करी. सयाजीरावांच्या अल्पवयात दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभाराची घडी बसवली. तिचा विस्तार पुढे सयाजीरावांनी केला.

नोकरभरतीचे धोरण

जात, प्रांत वा नातेसंबंध न पाहता जाणकार माणसे संस्थानात आणण्यावर सयाजीरावांचा भर होता. घोडेस्वारीच्या परीक्षेअभावी इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश न मिळालेले अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याच्या सेवेत आले. सनदी सेवेतून निवृत्त झालेले रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये महसूलमंत्री आणि पुढे दिवाण झाले.

बाहेरून तज्ज्ञ आणण्याबरोबरच संस्थानातच मनुष्यबळ घडवण्याची सोय त्यांनी केली. १८९० मध्ये तांत्रिक शिक्षणासाठी कलाभवन स्थापन झाले. होतकरू विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या व परतल्यावर त्यांनी संस्थानाची नोकरी करावी, अशी अट घालण्यात आली. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाले. त्यामुळे नोकरीसाठी पात्र ठरू शकणाऱ्यांचे वर्तुळ रुंदावण्यास वाव मिळाला.

बडोदा शहर

नागरी सेवांसाठीही प्रशिक्षित माणसांची गरज होती. १८९२ मध्ये आजवा येथील सयाजी सरोवराचे पाणी शहराला मिळू लागले. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्याकडे ग्रंथालय खात्याची उभारणी सोपवण्यात आली. त्यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्गही सुरू केला. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये शहराच्या विकासासंबंधी अहवाल सादर केला.

धोरणाच्या मर्यादा

भीमराव आंबेडकर यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीरावांकडून दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली होती. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार झाला. त्यानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. मात्र कचेरीत त्यांना अस्पृश्यतेची वागणूक मिळाली. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, पण जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. सर्वोच्च शैक्षणिक पात्रता असलेल्या अधिकाऱ्यालाही जातिभेदामुळे काम करता आले नाही. राजाज्ञेने नेमणूक झाली, तरी सहकारी व शहरवासी यांची वागणूक तिने बदलली नाही, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

निधन

सयाजीरावांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे निधन झाले. त्यांच्यानंतर नातू प्रतापसिंहराव गादीवर आले.