गुरुजींचे पाच दिवस आणि त्याआधीची वर्षे

स्मरणिकेसाठी साहित्य मागवले तेव्हा आपल्या तुकडीकडून सर्वांत जास्त काय आले असेल, तर कविता. आठवणी थोड्या, लेख त्याहून थोडे. संपादनाचे काम पाहणाऱ्या मित्राने ग्रुपवर सहज लिहून टाकले, की कविता काय, चहा निवेपर्यंत होते. कष्ट लागतात ते कादंबरीला. झाले! दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांनी कविता पाठवल्या होत्या ते रुसले, ज्यांनी काहीच पाठवले नव्हते ते हिरीरीने बोलू लागले. शेवटी आपल्या मराठीच्या बाईंनी माझ्यावर काम टाकले : नुसता वाद घालू नका, ज्याने दोन्ही लिहिले असा आपल्याकडचा माणूस घे आणि त्याच्यावर लिही.

आपल्याकडचा म्हटल्यावर दोन नावे समोर आली. एक फैजपूरला १९०९ साली जन्मलेले बा. सी. मर्ढेकर. त्यांनी तीन कवितासंग्रह लिहिले आणि तीन कादंबऱ्याही लिहिल्या. दुसरे साने गुरुजी. मर्ढेकर मला अजूनही थोडे जड जातात, म्हणून गुरुजी घेतले. शिवाय गुरुजींच्या लिहिण्याचा मोठा भाग सोनगीरपासून तासाभराच्या आतल्या धुळ्याच्या तुरुंगाशी बांधलेला आहे. लहानपणी एस.टी.ने धुळ्याला जाताना हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगडला झाला. घराणे खोतांचे, पण ते वैभव त्यांच्या लहानपणीच ओसरले. शिक्षणासाठी आधी औंध, मग पुणे. दोन्हीकडे पोटाची चिंता. १९१७ साली आई गेली तेव्हा ते घरी नव्हते. ही गोष्ट पुढे लिहिण्याच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते, म्हणून इथेच नोंदवतो. १९१८ ला मॅट्रिक, पुढे बी. ए., आणि मग तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. असा हा कोकणचा मुलगा खान्देशाचा झाला. १९२४ मध्ये एम. ए. होऊन ते अमळनेरच्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागले. ती शाळा पुढे प्रताप हायस्कूल झाली.

तिथली सहा वर्षे मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात अधिक मोलाची वाटतात. ते छात्रालयाचे प्रमुख होते. मुलांची अंथरुणे आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे तर आपण ऐकून आहोत. कमी सांगितले जाते ते हे, की गुरुजी छात्रालयासाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. छापील नव्हे, हस्तलिखित, आणि तेही रोज. ज्यांनी शाळेत भित्तिपत्रक काढले आहे त्यांनी आठवून पाहावे, महिन्यातून एक अंक लावताना आपली किती तारांबळ उडायची. इथे एक माणूस दिवसभर शिकवून, मुलांचे सगळे पाहून, रोज नवे काही लिहून मुलांपुढे ठेवतो. थोरांची चरित्रे, निसर्ग, कानपिचक्या, गोष्टी. ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. पुढे त्यांचे गद्य जे धो धो वाहिले, त्याला हे पाट आधी काढून ठेवलेले होते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. आधी धुळ्याचा तुरुंग, मग पार दक्षिणेत त्रिचनापल्लीचा. तिथे त्यांनी तमिळ शिकून घेतली आणि तिरुक्कुरळचे मराठी रूपांतर केले. तिथेच कविताही झाल्या. भारत बलवान होवो अशी इच्छा धरणारे त्यांचे गीत, जे आपण पंधरा ऑगस्टला बाकांच्या रांगांतून गायलो, ते या तुरुंगवासातले. या आणि आधीच्या कवितांचा संग्रह ‘पत्री’ १९३५ साली निघाला. नाव पाहा. देवाला फुले वाहायला नसली की बेल, दूर्वा, तुळस, हाती येईल ती पाने वाहायची, ती पत्री. आपल्या कवितेला त्यांनी फूलसुद्धा म्हटले नाही. सरकारला मात्र ही पाने जड गेली आणि प्रती जप्त झाल्या.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच वेळी विनोबाही तिथे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळातले अठरा रविवार, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असे विनोबा बोलले. गुरुजी समोर बसून ते उतरून घेत. आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक भारताच्या कितीतरी भाषांत आहे. त्याचा मूळ मजकूर धुळ्यात बोलला गेला आणि गुरुजींच्या हाताने कागदावर आला. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहायचे, अर्थ हरवू द्यायचा नाही, बोलण्यातला साधेपणाही जाऊ द्यायचा नाही. चार महिन्यांची अशी तालीम कोणत्या लेखकाला मिळते?

आता तो प्रसिद्ध प्रसंग. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे हातावेगळी केली. चाळिसाहून जास्त ‘रात्रीं’च्या या पुस्तकाचा मुख्य भाग पाच दिवसांत झाला. आपल्या ग्रुपवर कोणी तरी हेच उदाहरण दिले होते : बघा, कादंबरीसुद्धा पाच दिवसांत होते! आणि ‘पत्री’तल्या कविता वर्षानुवर्षे साठत आल्या. म्हणजे हिशेब नुसता दिवसांचा मांडला, तर कादंबरीच सोपी ठरते.

हा हिशेब मला पटत नाही. ते पाच दिवस कॅलेंडरचे होते. आई १९१७ मध्ये गेली; मधली सोळा वर्षे ते तिला मनात सांभाळत होते. ते स्वतः आईच्या मायेने ज्या मुलांत वावरले, त्या मुलांना गोष्टी सांगता सांगता सांगण्याची एक रीत जिभेवर बसली होती. पुस्तकाची रचना पाहिली तरी हे दिसते. आश्रमात रात्री प्रार्थना झाल्यावर श्याम एकेक आठवण सांगतो आणि सोबती ऐकतात. एक रात्र, एक आठवण. हे साचे त्यांना शोधावे लागले नाहीत, छात्रालयात ते आधीच पडलेले होते. कादंबरी म्हणजे तरी काय, याबद्दल विद्वान भांडोत. ‘श्यामची आई’ला कोणी आत्मकथा म्हणतात, कोणी संस्कारकथा. मला ती कादंबरीच वाटते, कारण शेवटच्या रात्रीला पहिल्या रात्रीचे वजन मिळते.

मग कविता? इथे मी सोनगीरचाच दाखला देतो. आपल्या गावची तांब्या-पितळेची भांडी लांबलांबच्या बाजारांत जात. तांबटांच्या घरांवरून शाळेत जाताना ठोक्यांचा आवाज कानांत बसलेला. हंड्याला पत्रा जास्त, वेळ जास्त, अंगमेहनत जास्त, यात शंका नाही. पण फुलपात्र एवढेसे म्हणून कारागीर ते झोपेत घडवतो असे नाही. हंड्यावरचा एक ठोका कमी-जास्त पडला तर सगळ्या ठोक्यांत तो जिरून जातो. फुलपात्रावर तो दिसत राहतो.

गुरुजींची प्रार्थना घ्या, जगावर प्रेम करायला सांगणारी. ती आपण सगळ्यांनी परिपाठाला म्हटली आहे, अर्थ कळण्याच्या आधीपासून. तिच्यात एकही असा शब्द नाही की जो पहिलीतल्या मुलाला अडेल. चाल अशी की दोनशे मुले एका श्वासात म्हणू शकतात, पुढची रांग मागे पडत नाही आणि मागची पुढे धावत नाही. मात्रा मोजून पाहा, कुठे घसरत नाही. त्यातला एखादा शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा घालायचा प्रयत्न मी वर्गात मुलांकडून करून घेत असे. मुले हसत, कारण ओळ लगेच लंगडी व्हायची. ‘श्यामची आई’तले एखादे पान कमी झाले तर आई तशीच राहते. इथे तसे चालत नाही.

पण खरे सांगायचे तर, गुरुजींच्या सगळ्याच कविता अशा उतरलेल्या नाहीत. ‘पत्री’त एकच भाव पुन्हा पुन्हा येतो, शब्द सैल पडतात, रडणे फार. कादंबऱ्यांचेही तेच. ‘धडपडणारी मुले’, ‘आस्तिक’, ‘क्रांती’ या आम्ही त्या वयात भारावून वाचल्या; नंतर वाचताना पात्रे मागे राहतात आणि प्रवचन पुढे येते. भरभर लिहिण्याची सवय दोन्हीकडे जाणवते. त्यांना मजकूर पुन्हा घासूनपुसून घ्यायला सवड नव्हती आणि बहुधा हौसही नव्हती. देशाचे काम आधी, लिहिणे हे त्या कामातलेच एक. काही जण म्हणतात म्हणून त्यांना साहित्यिक मानू नये. मला उलट वाटते. जिथे त्यांच्या आत फार दिवस काही मुरले होते तिथे, मग ती प्रार्थना असो की आई, घाईचा मागमूस राहत नाही.

खान्देशातलीच दुसरी दोन माणसे शेजारी ठेवून पाहिली की हे अधिक उलगडते. धरणगावचे बालकवी ठोमरे अठ्ठावीस वर्षेही पुरती न जगता ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. कविता हेच त्यांचे काम होते, तरी त्यांच्या कितीतरी कविता अपुऱ्या राहिल्या. सोपे असते तर त्या पुऱ्या करायला एखादी दुपार पुरली असती. आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी सुचत आणि तोंडी राहत; घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, पुस्तक निघाले. त्यांनी कवितेला वेगळा वेळ एक क्षणही दिला नाही. मग कष्ट शून्य म्हणायचे? दळणाचे, निंदणीचे, वैधव्याचे कष्ट कुठल्या खात्यात लिहायचे?

गुरुजींना ही गोष्ट ठाऊक होती, असे मला वाटते. त्यांनी बायांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ या नावाने दोन भागांत छापल्या. स्वतः कवी म्हणवून न घेणारा माणूस नाव नसलेल्या कवयित्रींसाठी वही घेऊन बसला.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला, खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, त्यासाठी ते राबले. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले, गिरणी कामगारांसाठी झगडले, बेचाळीसमध्ये भूमिगत झाले, पुन्हा तुरुंग. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी या मागणीसाठी ते महाराष्ट्रभर हिंडले होते. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ सुरू केले.

शेवटच्या एक-दोन वर्षांत त्यांच्या हातून मनापासून झालेले लिहिणे ना कविता होते ना कादंबरी. ती पत्रे होती. पुतणीला लिहिलेली ही पत्रे ‘साधना’त येत आणि पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपाने आली. झाडे, पक्षी, पाऊस, आजूबाजूची माणसे, वर्तमानपत्रातली बातमी, सगळे त्यात येते. त्यांत उपदेश कमी आहे. वृत्ताचे बंधन नाही, कथानकाचे ओझे नाही. एक ओळखीचे मूल समोर आहे असे धरून माणूस बोलतो आहे. आतून मात्र ते फार खचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय पन्नास.

तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. प्रार्थनेला पदक नाही. ती अजून सकाळी शाळांच्या पटांगणात म्हटली जाते आणि म्हणणाऱ्या पोरांपैकी पुष्कळांना ती कोणी लिहिली हे ठाऊक नसते.